चिऱ्यांचे घर, पेशींचे शरीर

रत्नागिरीजवळच्या एका वाडीत रात्रीचा वर्ग भरत असे. दिवसभराची कामे उरकून, जेवणे आटोपून माणसे शाळेच्या पडवीत जमत. कुणी आंब्याच्या बागेत राबणारे, कुणी होडीवर जाणारे, कुणी चिरेखाणीवर काम करणारे. बायकाही येत. एक आजी तर नातवाची पाटी घेऊन येत आणि सगळ्यांच्या पुढे बसत.

एके रात्री गुरुजींनी चिऱ्याचा एक तुकडा आणला आणि मेजावर ठेवला.

"हे काय आहे?"

"चिरा की हो, गुरुजी! ह्यात काय विचारायचं?" आजी म्हणाल्या.

"बरं. ह्या चिऱ्यापासून घर कसं होतं, ते कोण सांगेल?"

वर्गात एक गवंडीदादा होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. गवंडीदादा हसले आणि म्हणाले, "त्यात काय? चिऱ्यावर चिरा लावला की भिंत होते. चार भिंती उभ्या केल्या की खोली होते. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर अशा खोल्या झाल्या, वर वासे, रीप आणि कौलं चढली, की झालं घर."

"शाबास!" गुरुजी म्हणाले. "आजचा धडा तुम्हीच अर्धा शिकवलात. आपलं शरीरसुद्धा असंच रचलेलं आहे. आधी चिरा, मग भिंत, मग खोली, मग सारं घर. चला, एकेक पाहू."

१. चिरा म्हणजे पेशी

घराचा लहानात लहान भाग चिरा. शरीराचा लहानात लहान जिवंत भाग म्हणजे पेशी.

पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती फार बारीक असते. रक्तातल्या तांबड्या पेशी एका ओळीत मांडल्या, तर एका मिलिमीटरच्या जागेत सव्वाशे पेशी सहज बसतात. एक मिलिमीटर म्हणजे पट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधले अंतर. एवढ्याशा जागेत सव्वाशे!

मग माणसाला पेशी कळली कशी? सूक्ष्मदर्शक यंत्रामुळे कळली. या यंत्रातून बारीक वस्तू कितीतरी पटींनी मोठी दिसते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक नावाचा एक शास्त्रज्ञ होता. त्याने बाटलीच्या बुचाचा पातळ काप या यंत्राखाली ठेवला. त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या लहान लहान कोठड्या दिसल्या. त्याने हे १६६५ साली आपल्या पुस्तकात छापले. पुढे १८३८ आणि १८३९ साली श्लायडेन आणि श्वान या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी आणखी मोठी गोष्ट सांगितली. सगळी झाडे आणि सगळे प्राणी पेशींचेच बनलेले असतात, असे त्यांनी मांडले. म्हणजे दारातला माड पेशींचा, गोठ्यातली गाय पेशींची आणि आपणही पेशींचेच.

आपल्या शरीरात पेशी किती? शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. त्यांतल्या बहुतेक रक्तातल्या तांबड्या पेशी आहेत.

येथे गवंडीदादांनी हात वर केला. "गुरुजी, एवढे चिरे लावायला गवंडी किती लागले असतील?"

"एकही नाही," गुरुजी म्हणाले. "इथंच चिरा आणि पेशी यांत फरक आहे. चिरा निर्जीव आहे. खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, वारा लागला की कठीण होतो, पण तो वाढत नाही. पेशी जिवंत आहे. ती खाते, श्वास घेते, मळ बाहेर टाकते. एका पेशीच्या दोन होतात, दोनांच्या चार होतात. आपण प्रत्येक जण आईच्या पोटात आधी एकच पेशी होतो. त्या एका पेशीपासून हे सगळं घर उभं राहिलं."

वर्ग क्षणभर गप्प झाला.

पेशीलाही आपल्या घरासारखे भाग असतात. बाहेरून एक पातळ आवरण असते. त्याला जणू बारीक दारे असतात. हवे ते आत येते, नको ते बाहेर जाते. या दारांची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती लागणार आहे. आत पातळ पेजेसारखा पेशीरस असतो. त्यात लहान लहान चुली असतात. तेथे अन्न प्राणवायूच्या मदतीने जळते आणि काम करण्याची शक्ती मिळते. आणि मध्ये असते केंद्रक. केंद्रक म्हणजे घरातला कर्ता माणूस. पेशीने काय करायचे, कसे वाढायचे, याचा सगळा आराखडा केंद्रकातल्या ४६ धाग्यांत असतो. त्या धाग्यांना गुणसूत्रे म्हणतात. त्यांतली २३ आईकडून येतात आणि २३ बापाकडून. म्हणून पोराचे नाक बापासारखे असते आणि डोळे आईसारखे.

"एवढ्याशा पेशीला भूकसुद्धा लागते होय?" आजींनी विचारले.

"लागते तर! तुम्हाला भूक लागते, ती खरं म्हणजे ह्या पेशींचीच भूक."

पेशी मरतातही. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मग तिची जागा नवी पेशी घेते. हाडांच्या आत मगज असतो. तेथे नव्या पेशी तयार होतात. दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी तेथून रक्तात येतात. या पेशींना लोह लागते. लोह मिळाले नाही तर रक्त फिके पडते, चालताना दम लागतो. याला पंडुरोग म्हणतात. बायकांनी आणि वयात येणाऱ्या मुलींनी याची विशेष काळजी घ्यावी. हिरव्या पालेभाज्या, कुळीथ, मासे जेवणात असावेत आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या टाकून देऊ नयेत.

२. भिंत म्हणजे ऊती

सगळे चिरे सारखे असतात. पेशी मात्र सारख्या नसतात. कुणी लांब दोरीसारखी, कुणी चपटी फरशीसारखी, कुणी गोल तबकडीसारखी. जसे काम तसा आकार. आपल्या शरीरात अशा सुमारे २०० जातींच्या पेशी आहेत.

एका जातीच्या पेशी एकत्र येऊन एक काम करू लागल्या, की त्यांच्या समूहाला ऊती म्हणतात. या शब्दात विणण्याचा अर्थ आहे. सुतावर सूत विणून जसे कापड होते, तशी पेशींना पेशी जोडून ऊती होते. ऊती मुख्यतः चार प्रकारच्या आहेत.

पहिली, झाकणारी ऊती. ही अंगावरून आणि आतल्या नळ्यांना आतून गिलाव्यासारखी पसरलेली असते. कातडीचा वरचा थर हिचाच.

दुसरी, जोडणारी ऊती. हाडे, चरबी आणि सांधे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या या ऊतीच्या असतात. गंमत अशी, की रक्त हीसुद्धा एक जोडणारी ऊतीच आहे. ते पातळ असले तरी सगळ्या शरीराला जोडते.

तिसरी, स्नायूंची ऊती. ही आखडते आणि सैल होते. नांगर धरणारा हात, वल्हे मारणारा दंड आणि अहोरात्र हलणारे काळीज, सगळे हिच्याच बळावर चालतात.

चौथी, चेतांची ऊती. चेता म्हणजे निरोप नेणारे तंतू. बोटाला चटका बसला की निरोप मेंदूकडे जातो. मेंदूचा हुकूम परत येतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते.

३. खोली म्हणजे अवयव

वेगवेगळ्या ऊती एकत्र आल्या की अवयव होतो. घरात जशी खोली, तसा शरीरात अवयव.

जठराचेच पाहा. जठर म्हणजे पोटातली अन्नाची पिशवी. तिला आतून झाकणारी ऊती असते, तीच पाचक रस सोडते. त्याभोवती स्नायूंची ऊती असते, ती अन्न घुसळते. जोडणारी ऊती सगळे एकत्र धरून ठेवते. आणि चेतातंतू भरल्या पोटाचा निरोप मेंदूला देतात. चारही ऊती एका पिशवीत नांदतात.

हृदय हा दुसरा अवयव. ते आपल्या मुठीएवढे असते. मिनिटाला सुमारे ७० ते ७२ वेळा ते धडधडते. दिवसाचा हिशेब केला तर एक लाखाच्या आसपास ठोके होतात. आपण निजतो, पण हृदय निजत नाही.

फुप्फुसे दोन. त्यांत हवेचे बारीक फुगे असतात. किती? ३० ते ५० कोटी. त्यांची भिंत इतकी पातळ असते, की हवेतला प्राणवायू तिच्यातून सरळ रक्तात जातो.

मूत्रपिंडेही दोन. ती कंबरेच्या वर, पाठीच्या बाजूला असतात. दिवसभरात ती सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. बहुतेक सगळे परत रक्तात सोडतात आणि दीड लिटरच्या आसपास लघवी बाहेर टाकतात. भातलावणीच्या आणि उन्हाच्या दिवसांत पाणी कमी प्यायले, तर ही गाळणी तापते. म्हणून कामावर जाताना पाण्याची कळशी विसरू नये.

आणि सर्वांत मोठा अवयव कोणता? आपली कातडी! ती घराभोवतीच्या गडग्यासारखी आहे. गडगा कोसळला की गुरे आत शिरतात. कातडी फाटली की रोगजंतू आत शिरतात. पावसाळ्यात शेतातल्या पाण्यात उंदरांचे मूत मिसळते. पायाला भेगा असल्या तर त्या वाटेने लेप्टोचे जंतू अंगात जातात. ताप कातडीला येत नाही, सगळ्या अंगाला येतो. पुढे मूत्रपिंडे आणि यकृतही बिघडतात. पण सुरुवात त्या लहानशा भेगेतून झालेली असते.

४. सारे घर म्हणजे संस्था

एक खोली म्हणजे घर नव्हे. स्वयंपाकघर आहे, पण पाणी नाही, सरपण नाही, तर चूल कशी पेटणार? तसेच शरीरात अनेक अवयव मिळून एक काम करतात. त्यांच्या गटाला संस्था म्हणतात.

आपण भात आणि माशाचे कालवण जेवलो. त्या घासाबरोबर जरा फिरून येऊ.

घास तोंडात चावला. अन्ननळीतून जठरात गेला. तेथे घुसळला. मग लहान आतड्यात आला. लहान आतडे सुमारे २० फूट लांब असते. तेथे अन्नाचा रस रक्तात शोषला गेला. चोथा मोठ्या आतड्यातून बाहेर पडला. ही झाली पचनसंस्था.

रस रक्तात आला खरा, पण तो पेशीच्या दारापर्यंत पोचवणार कोण? हृदय आणि रक्तवाहिन्या. ही रक्ताभिसरण संस्था. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. ते साऱ्या शरीरातून फिरून सुमारे एका मिनिटात परत हृदयाशी येते.

पेशीच्या चुलीला प्राणवायू हवा. तो नाक, श्वासनळी आणि फुप्फुसे आणतात. ही श्वसनसंस्था. चूल पेटली की राख होणारच. ती राख मूत्रपिंडे आणि मूत्राशय बाहेर टाकतात. ही उत्सर्जन संस्था.

घराचा सांगाडा म्हणजे अस्थिसंस्था. मोठ्या माणसाला २०६ हाडे असतात. रत्नागिरीच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा ठेवला आहे. तो पाहायला जाल तेव्हा त्याच्या पुढच्या पंखाची हाडे नीट पाहा. बाहेरून ते वल्ह्यासारखे दिसते, पण आत आपल्यासारखी दंडाची, हाताची आणि बोटांची हाडे असतात. एवढा मोठा दर्यातला जीव, पण त्याच्या हाडांची ठेवण आपल्या हाताशी जुळते.

हाडांना हलवणारी स्नायुसंस्था. निरोप नेणारी चेतासंस्था, तिचे मुख्य ठाणे मेंदू. रक्तात औषधासारखे थेंब सोडून शरीराला ताळ्यावर ठेवणाऱ्या ग्रंथींची एक संस्था. रोगजंतूंशी लढणारी एक संस्था. आणि वंश चालवणारी प्रजननसंस्था.

"एवढ्या संस्था, मग यांचा सरपंच कोण?" एका काकांनी विचारले.

सगळे हसले. गुरुजीही हसले. "मेंदूला सरपंच म्हणा हवं तर. पण रक्त चार-पाच मिनिटं मिळालं नाही, तर सरपंचच आडवा होतो. इथं कोणी एकटा मोठा नाही. एकाचं दुखणं सगळ्यांचं दुखणं. हे कसं, ते मी एका गोष्टीवरून सांगतो. ही गोष्ट आपल्या कोकणातलीच आहे."

५. नांगी बोटाला, घाला काळजाला

समजा, एका घरी चूल पेटवायची आहे. पोरगा सरपण आणायला गेला. लाकडांत हात घातला आणि ओरडला. लहानसा तांबडा विंचू होता. बोटाला डसला.

मोठ्या काळ्या इंगळीला आपण फार भितो. पण खरा घातकी तो लहान तांबडा विंचू. चिऱ्यांच्या फटीत, गडग्यात, सरपणात, गवताच्या उडवीत तो दडून बसतो.

शेजारी म्हणतात, "बोटालाच तर चावला. मंत्र घालून घेऊ, उतरेल." आता शरीराच्या घरात काय चालले आहे ते पाहू.

विष बोटातून रक्तात गेले. रक्त मिनिटाभरात सगळीकडे फिरते हे आपण शिकलो. म्हणजे विष आता बोटात राहिले नाही. ते चेतातंतूंपर्यंत पोचले. चेतापेशींच्या आवरणाला बारीक दारे असतात. विंचवाचे विष ती दारे मिटू देत नाही. दारे उघडी राहिल्यामुळे चेतातंतू एकसारखे निरोप धाडत सुटतात. "संकट आलं! संकट आलं!" अशी हाकाटी सुरू होते.

मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. हाकाटी ऐकून त्या आपला रस रक्तात ओततात. या रसाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय गार पडतात. अंगाला दरदरून घाम सुटतो. उलट्या होतात.

आता बागेतली पन्हळ आठवा. पन्हळ मध्येच दाबली तर पाणी पुढे जात नाही, मागे तुंबते. तसेच येथे होते. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. रक्त मागे तुंबते. मागे कोण आहे? फुप्फुसे. त्यांच्या हवेच्या फुग्यांत पाणी भरू लागते. माणसाला श्वास पुरत नाही. खोकल्यातून फेस येतो. जमिनीवर असून माणूस जणू बुडतो.

बोट, रक्त, चेता, ग्रंथी, रक्तवाहिन्या, हृदय, फुप्फुसे. डंख एका ठिकाणी आणि घाला सगळ्या घरावर.

६. सावित्री नदीच्या पलीकडे

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला सावित्री नदी आहे. नदीपलीकडे महाड तालुका. तेथे बिरवाडी येथील सरकारी आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण डॉक्टर आले. त्यांचे नाव डॉ. हिम्मतराव बावस्कर. ते मूळचे जालना जिल्ह्यातले, गरीब शेतकऱ्याच्या घरचे.

त्या काळी विंचवाच्या दंशाने कोकणात कितीतरी माणसे दगावत. मुले तर फारच. ती का दगावतात हे नीट कळत नव्हते. डॉक्टर रुग्णाच्या खाटेशी रात्र रात्र बसून राहिले. नाडी मोजली, रक्तदाब मोजला, घाम केव्हा सुटतो, उलटी केव्हा होते, हातपाय केव्हा गार पडतात, सगळे वहीत टिपून ठेवले. त्यांना दिसले, की माणूस बोटाच्या दुखण्याने जात नाही. त्याचे हृदय आणि फुप्फुसे हरतात.

१९८२ साली त्यांनी हे 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत लिहिले. पुढे उपाय शोधला. रक्तदाब कमी करणारे प्राझोसिन नावाचे एक औषध होते. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. म्हणजे पन्हळ मोकळी करते. डॉक्टरांनी ते विंचूदंशाच्या रुग्णांना दिले. १९८६ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या उपचाराविषयीही 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. पूर्वी विष भिनलेल्या शंभर रुग्णांतले पंचवीस-तीस दगावत. या औषधानंतर ते प्रमाण दोन-चारांवर आले.

विंचवाच्या विषावर उतारा देणारी लसही आहे. ती मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार झाली. लस आणि प्राझोसिन दोन्ही दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, हे बावस्कर पतिपत्नींनी २०११ साली दाखवून दिले. २०२२ साली डॉ. हिम्मतराव बावस्करांना भारत सरकारने पद्मश्री दिली.

ध्यानात घ्या, औषध लागू पडले ते कशाने? शरीराची रचना ओळखल्याने. बोट सुजले म्हणून नुसते बोटच पाहत बसले असते, तर हा उपाय सापडला नसता.

"मग मंत्रानं उतरतो, तो कसा?" आजींनी विचारले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

गुरुजी जरा थांबले. मग म्हणाले, "आजी, पुष्कळ वेळा विष थोडंच असतं. नुसती आग होते आणि ती दिवसभरात आपोआप उतरते. त्या वेळी मंत्र घातलेला असला तर मंत्राला यश मिळतं. पण विष भिनलेलं असलं, तर मंत्रात गेलेली घटका परत येत नाही."

आजी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आमच्या दिरांचा मुलगा असाच गेला. पहाटेपर्यंत मंत्र चालला होता. घाम पुसून पुसून माझे हात दुखले. तो घाम कशाचा, ते आज कळलं."

कुणी काही बोलले नाही. गवंडीदादांनी मेजावरचा चिरा उचलला, उलटा करून पाहिला आणि पुन्हा खाली ठेवला.

"आजी," गुरुजी म्हणाले, "त्या वेळी औषधच सापडलेलं नव्हतं. तेव्हा डॉक्टरांकडे नेलं असतं तरी मूल वाचतंच असं नाही. दोष तुमचा नव्हता. पण आता औषध आहे. आता मात्र एक घटकाही घालवायची नाही."

७. विंचू डसला तर

माणसाला धीर द्यावा. त्याला चालवू नये, पळवू नये.

बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या काढून ठेवाव्यात. जागा स्वच्छ पाण्याने धुवावी.

जखमेवर चिरा देऊ नये. तोंडाने विष ओढू नये. दोरीने करकचून बांधू नये. विष चेतांपर्यंत गेलेले असते, बांधल्याने हात मात्र काळा पडतो.

ताबडतोब जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे. गाडी नसेल तर १०८ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

दरदरून घाम, उलटी, गार हातपाय ही धोक्याची खूण आहे. बोटाची आग कमी आहे म्हणून धोका कमी, असे समजू नये. लहान मुलाला तर लगेच न्यावे.

आणि डसूच नये म्हणून? चप्पल घालताना झटकावी. अंथरूण झाडून घालावे. सरपणात, गडग्यात उघडा हात घालू नये. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यावी. मुलांचे अंथरूण भिंतीला लागून घालू नये. घराच्या भिंतीतल्या फटी बुजवून टाकाव्यात.

"फटी बुजवायचं काम माझ्याकडे," गवंडीदादा म्हणाले. "उद्या शाळेपासूनच सुरुवात करतो. ही पडवीची भिंत बघा, केवढ्या फटी आहेत!"

वर्ग सुटला. आजींनी जाण्यापूर्वी पाटी पुढे केली. पाटीवर त्यांनी मोठ्या, वाकड्या अक्षरांत तीन शब्द लिहिले होते. घाम. उलटी. एकशेआठ.

"बरोबर लिहिलंय का, ते बघा," त्या म्हणाल्या. "घरी दारावर लिहून ठेवणार आहे. नातवंडं आहेत माझी."

गुरुजींनी पाटी दिव्याखाली धरली. "बरोबर आहे, आजी," ते म्हणाले. "एकही चूक नाही."

नवे शब्द

पेशी – शरीराचा लहानात लहान जिवंत भाग.
ऊती – एका कामासाठी एकत्र आलेल्या पेशींचा समूह.
अवयव – अनेक ऊती मिळून झालेला शरीराचा भाग. उदाहरणार्थ, हृदय.
संस्था – एका कामासाठी एकत्र आलेले अवयव. उदाहरणार्थ, पचनसंस्था.
चेता – निरोप नेणारे तंतू.
ग्रंथी – शरीराला लागणारा रस तयार करणारा अवयव.

प्रश्न

१. चिरा आणि पेशी यांत सारखे काय? वेगळे काय?
२. रक्ताला जोडणारी ऊती का म्हणतात?
३. विंचू बोटाला डसतो, मग फुप्फुसांत पाणी का भरते? आपल्या शब्दांत सांगा.
४. तुमच्या गावाहून सर्वांत जवळचे सरकारी आरोग्य केंद्र कोठे आहे? तेथे पोचायला किती वेळ लागतो? वहीत लिहा.

करून पाहा

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा. घड्याळ लावून एक मिनिट नाडीचे ठोके मोजा. मग पडवीला दहा फेऱ्या मारून या आणि पुन्हा मोजा. ठोके का वाढले? पाय चालले, मग हृदयाला घाई का झाली? घरी सगळ्यांना विचारा आणि उद्या वर्गात येऊन सांगा.